जुनं एअर इंडिया पोस्टर कोणत्या काळातलं, हे कशावरून ठरवायचं?

दालनमित्र

एअर इंडियाच्या जुन्या छापील साहित्याचं छोटं प्रदर्शन मांडायचं आहे. एकूण सहा वस्तू आहेत. एकीवरही साल छापलेलं नाही आणि प्रत्येकीखाली काळ लिहायचा आहे. वर्णन देतो:

१) पोस्टर, २०×३० इंच. वाकून अभिवादन करणारा महाराजा, मागे चार पंख्यांचं विमान, शेपटीला तीन उभी पाती. खाली रोमन लिपीत 'एअर-इंडिया इंटरनॅशनल'.
२) पोस्टर, न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि चार इंजिनांचं जेट. नाव फक्त 'एअर-इंडिया'. वर्तुळातला धनुर्धारी.
३) आठ पानी माहितीपत्रक, बोइंग ७४७ विमानाचं. खिडक्यांभोवती लाल झरोके. पत्ता नरिमन पॉईंट, बॉम्बे ४०० ०२१.
४) वेळापत्रक. मुखपृष्ठावर गडद लाल शेपटी, तिच्यावर सोनेरी चक्र.
५) घडीचं पत्रक. लाल हंस, पोटात नारिंगी चक्र. कोपऱ्यात स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचं चिन्ह.
६) महाराजा सुमो पैलवानाच्या वेषात. आकार १६.५×२३.४ इंच, कागद गुळगुळीत, रंग अगदी ताजे.

माझा अंदाज असा: पहिलं १९४६, दुसरं १९६०, तिसरं १९७१, चौथं १९८९, पाचवं २००७ आणि सहावं साठच्या दशकातलं. तपासून सांगाल का? शिवाय यांतली चित्रं पुस्तिकेत छापली तर चालेल का, आणि पावसाळ्यात ही पोस्टरं कशी जपायची, हेही हवं आहे.

---

शाईआणिपंख

अंदाज वाईट नाहीत, पण सगळ्यांत एकच गफलत आहे. एखादी खूण ज्या वर्षी आली तेच वर्ष तुम्ही वस्तूचं धरलंय. खूण एवढंच सांगते की वस्तू 'त्याआधीची नाही'. पोस्टरावर जेवढ्या खुणा सापडतील त्यांतली सर्वांत उशिराची खूण म्हणजे खालची मर्यादा. वरची मर्यादा मात्र वेगळ्या पुराव्याने काढावी लागते: जे नाव पुढे गेलं, जे विमान उरलं नाही, जो पत्ता बदलला, त्यावरून.

आणि महाराजावरून काळ ठरवूच नका. तो १९४६ साली आला. कल्पना एअर इंडियाचे बॉबी कूका यांची, रेखाटन जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेच्या मुंबई कार्यालयातले चित्रकार उमेश राव यांचं, आणि पहिल्यांदा तो उमटला विमानातल्या टिपणवहीवर. तेव्हापासून आजपर्यंत तो कुठे ना कुठे आहेच. मिशा, नाक, पट्ट्यांचा फेटा, झुकलेली कंबर, हे सगळं दशकानुदशकं तसंच राहिलं. तो बोधचिन्ह नाही, पात्र आहे. त्यामुळे त्याला पॅरिसमध्ये प्रेमवीर करता आलं आणि टोकियोत सुमो पैलवान. चिन्हाचं असं करता येत नाही, चिन्ह जागच्या जागी बसून राहतं. म्हणूनच काळ ओळखायला चिन्ह कामाचं, महाराजा नाही.

आता नावाचा क्रम, कारण सर्वांत भरवशाची खूण तीच.

१९३२: टाटांची हवाई डाकसेवा. १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. पुढे टाटा एअरलाइन्स.
२९ जुलै १९४६: सार्वजनिक कंपनी, नाव एअर इंडिया.
१९४८: परदेशी उड्डाणांसाठी वेगळी कंपनी, एअर इंडिया इंटरनॅशनल. ८ जूनला मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनचं पहिलं उड्डाण.
१९५३: राष्ट्रीयीकरण. देशांतर्गत काम इंडियन एअरलाइन्सकडे, परदेशी काम इंटरनॅशनलकडे.
८ जून १९६२: 'इंटरनॅशनल' अधिकृतपणे गळालं, पुन्हा एअर इंडिया.

यात एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. नुसतं 'एअर इंडिया' हे नाव दोन वेगळ्या काळांत येतं: १९४६ ते १९५३ आणि पुन्हा १९६२ नंतर. पोस्टरावर डाकोटा किंवा व्हायकिंग ही दोन पंख्यांची विमानं असतील आणि गावं देशातलीच असतील, तर पहिला काळ. जेट असेल तर तो प्रश्नच उरत नाही.

मधल्या जोडरेघेवरून काही ठरवू नका. नाव बदलल्यावरही ती बरीच वर्षं दिसते.

तुमचं पहिलं पोस्टर १९४६चं असूच शकत नाही. 'इंटरनॅशनल' आहे, म्हणजे १९४८च्या आधीचं नाही आणि १९६२च्या फार पुढचंही नाही. आणखी जवळ जायचं तर विमान नीट बघावं लागेल. ते 'चौथंइंजिन' जास्त चांगलं सांगतील.

---

चौथंइंजिन

तीन पाती आणि माशासारखं वळलेलं धड म्हणजे लॉकहीड कॉन्स्टेलेशन, यात दुसरं काही बसत नाही. पण एअर इंडियाकडे कॉन्स्टेलेशनच्या दोन पिढ्या होत्या. १९४८ची एल-७४९ आणि १९५४पासूनची सुपर कॉन्स्टेलेशन एल-१०४९. भिंग घेऊन खिडक्या बघा. गोल असतील तर ७४९, चौकोनी असतील तर सुपर. सुपरचं धड साडेपाच मीटरहून थोडं जास्त लांब आहे, पण चित्रात लांबी चित्रकाराच्या मर्जीवर असते. खिडकीचा आकार तो सहसा फोटो बघून काढतो, म्हणून खिडकीवर विश्वास ठेवा.

नाकाजवळ विमानाचं नाव लिहिलंय का तेही बघा. पहिल्या उड्डाणाचं विमान 'मलबार प्रिन्सेस'. ते ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर कोसळलं. ते नाव पोस्टरावर असेल तर मूळ चित्र १९४८ ते १९५० मधलं मानायला हरकत नाही. हरवलेल्या विमानाचं नाव कोणी जाहिरातीत ठेवत नाही.

दुसऱ्या पोस्टराबद्दल. न्यूयॉर्कची सेवा १४ मे १९६०ला सुरू झाली, म्हणून त्याआधीचं नाही, इथवर तुमचं बरोबर. पण नावात 'इंटरनॅशनल' नाही. अधिकृत बदल १९६२चा असला तरी जाहिरातीच्या ओळीत आखूड नाव आधीही वापरलं गेलेलं असू शकतं. म्हणून नावावरून '१९६२ नंतरचं' असं ठाम म्हणू नका. इंजिनं बघा. पहिली बोइंग ७०७ विमानं, म्हणजे ७०७-४३७, रोल्स-रॉईस कॉनवे इंजिनांची होती. त्यांची नळी पुढून मागे जवळजवळ सारख्या जाडीची, सडपातळ. साठच्या दशकाच्या मध्यापासून आलेल्या ७०७-३३७बीला प्रॅट अँड व्हिटनीचं पंखावालं इंजिन होतं. त्याच्या पुढच्या भागाला रुंद गळपट्टा आहे, मागची नळी बारीक. चित्रात हा गळपट्टा दिसला तर १९६०चा विचार सोडून द्या. कुठे 'रोल्स-रॉईस' असे शब्द छापलेले असतील तर आधीच्या विमानांकडे झुका.

७०७ किती वर्षं उडत होतं, यावर वरची मर्यादा ठरवता येत नाही, कारण ऐंशीच्या दशकातही ही विमानं ताफ्यात होती. पण १९७१ला ७४७ आल्यावर जाहिरातीचा नायक बदलला. नव्या राजवाड्यासारखं विमान दारात असताना न्यूयॉर्कच्या मोठ्या पोस्टरावर जुनं ७०७ कोण छापणार? हा तर्क आहे, पुरावा नाही. मथळ्यात 'सुमारे' लिहून वापरावा.

तिसऱ्या वस्तूत तुमच्याकडे सोन्याची खाण आहे. नरिमन पॉईंटची इमारत १९७४ची, आणि सहा आकडी पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ला आला. दोन्ही खुणा मिळून १९७१ बाद, १९७४ पक्कं खालचं वर्ष. (पिनकोडाआधी मुंबईचे पत्ते 'बॉम्बे १' असे लिहीत. ही खूण कुठल्याही छापील वस्तूला लागू पडते.) आता आतली पानं बघा. ७४७ विमानांना सम्राटांची नावं होती, जशी ७०७ना हिमालयातल्या शिखरांची. ताफ्याची यादी दिली असेल तर 'सम्राट अशोक' आणि 'सम्राट कनिष्क' ही दोन नावं शोधा. अशोक १९७१ला आलं आणि १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. कनिष्क १९७८मध्येच आलं आणि २३ जून १९८५ला बॉम्बस्फोटात गेलं. म्हणजे अशोक असेल आणि कनिष्क नसेल तर १९७८च्या आधीचं. कनिष्क असेल आणि अशोक नसेल तर १९७८ ते १९८५.

यादी नसेल तर विमानाच्या माथ्यावरचा उंचवटा मोजा. आखूड उंचवटा ७४७-२००चा. लांब उंचवटा पण पंखांची टोकं सरळ, तर १९८८ची ७४७-३००. लांब उंचवटा आणि पंखांच्या टोकाला वर वळलेले विंगलेट, तर १९९३पासूनची ७४७-४००. या शेवटच्या गटाला सम्राटांऐवजी स्थळांची नावं मिळाली, कोणार्क, अजंठा वगैरे.

---

झरोका_लाल

चिन्हं आणि रंगसंगतीबद्दल मी भर घालतो, कारण चौथ्या-पाचव्या वस्तूचा निकाल तिथेच आहे.

धनुर्धारी हा अर्धा घोडा, अर्धा माणूस, धनुराशीचं चिन्ह. तो वर्तुळात बसवलेला आहे आणि ते वर्तुळ कोणार्कच्या चक्राची आठवण करून देतं. १९४८च्या इंटरनॅशनलपासून हे चिन्ह चाललं. नरिमन पॉईंटच्या इमारतीच्या माथ्यावर तेच आणि विमान कंपनीच्या हॉटेलांना 'सेंटॉर' हे नावही त्यावरूनच. म्हणून धनुर्धारी दिसला की '१९४८ ते २००७, मधलं काहीही' एवढंच कळतं.

झरोके १९७१चे. ७४७ला 'आकाशातला तुमचा राजवाडा' म्हणून विकायचं ठरलं आणि विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी वाड्यासारखी लाल महिरप काढली गेली. मला वाटतं आपल्या देशातल्या जाहिरातकलेतला हा सर्वांत धाडसी निर्णय आहे. एरवी विमानाला पट्टे काढतात ते खिडक्या लपवायला. इथे खिडकीच सजावट झाली. ही महिरप चिन्हं बदलली तरी टिकली आणि २०२३च्या नव्या चिन्हापर्यंत रंगसंगतीत राहिली. म्हणजे झरोका हीसुद्धा फक्त खालची मर्यादा.

१९८९: लँडर असोसिएट्स या डिझाइन संस्थेने नवी रंगसंगती केली. गडद लाल शेपूट, तिच्यावर सोनेरी चक्र, उरलेलं धड पांढरं. लोकांना ती आवडली नाही, सगळ्या विमानांवर लागलीच नाही आणि जुनी परत आली. महाराजालाही त्या वेळी निवृत्त करायला निघाले होते, तोही परत आला. तुमचं चौथं वेळापत्रक या छोट्या काळातलं. '१९८९ किंवा लगेच नंतर' लिहा. अशा वस्तू कमी छापल्या गेल्या, त्यामुळे सहांतली दुर्मीळ वस्तू बहुधा हीच. तिला कोपऱ्यात टाकू नका.

२००५च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सने नाव नुसतं 'इंडियन' केलं आणि नारिंगी शेपटीवर कोणार्क चक्र आणलं. २००७ला दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा उडता लाल हंस आला आणि ते चक्र नारिंगी रंगात त्याच्या पोटात बसलं. थोडक्यात, चिन्हातच विलीनीकरण केलं. म्हणून पाचवी वस्तू २००७च्या आधीची नाही. पण स्टार अलायन्सचं चिन्ह आहे ना? एअर इंडिया त्यात ११ जुलै २०१४ला गेली. तर हे पत्रक जुलै २०१४ ते २०२३ मधलं. १० ऑगस्ट २०२३ला फ्युचरब्रँड या डिझाइन संस्थेने केलेलं नवं चिन्ह, 'द व्हिस्टा', जाहीर झालं. खिडकीच्या सोनेरी चौकटीचं टोक, म्हणजे झरोकाच, पण काढून, ताणून, टोकदार केलेला. सोबत गडद लाल, वांगी रंग आणि सोनेरी. पहिलं एअरबस ए३५० त्याच रंगात डिसेंबर २०२३ला आलं. खिडक्यांभोवतीच्या महिरपी गेल्या आणि त्यांचा आकार चिन्हात आला, हे मला पटलेलं नाही. खिडकीभोवतीची महिरप धावपट्टीच्या कुंपणाबाहेरूनही ओळखू यायची, नव्या चिन्हाचं नातं समजावून सांगावं लागतं.

आणि एक धोक्याची सूचना, फोटो असलेल्या पत्रकांसाठी. विमानाचा रंग बघून पत्रकाचं साल ठरवू नका. नवं चिन्ह आलं की छापील साहित्य लवकर बदलतं, विमानं मात्र काही वर्षं घेतात. मोठं विमान रंगवायला हँगरमध्ये साधारण दोन आठवडे अडकतं आणि तेवढे दिवस त्याची कमाई बंद. म्हणून रंगकाम शक्यतो मोठ्या तपासणीच्या वेळीच करतात. खिडक्या, सेन्सरची भोकं, अँटेना झाकायच्या, जुना रंग रसायनाने किंवा घासून काढायचा, ॲल्युमिनियमवर गंजरोधक प्रक्रिया, मग प्रायमर, रंगाचे थर, शेवटी चिन्हं आणि नोंदणी अक्षरं. ७८७ आणि ए३५० यांची धडं कंपोझिटची, म्हणजे कार्बन तंतू आणि रेझिनची, तिथे तीव्र रसायन चालत नाही, घासूनच काढावं लागतं. शेपटीवरच्या रडरसारखे हलणारे भाग रंगवले की त्यांचं वजन बदलतं, म्हणून ते पुन्हा तोलून बघावे लागतात. हे सगळं ताफ्यातल्या प्रत्येक विमानाला. त्यामुळे हंसाचं पत्रक आणि आत धनुर्धारीवाल्या विमानाचा फोटो, असं दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका.

---

शाईआणिपंख

सहाव्या वस्तूकडे येतो, कारण तिथे मला शंका आहे आणि शंका आकारापासून सुरू होते. १६.५×२३.४ इंच म्हणजे अचूक ए२, कागदाचं आजचं प्रमाणित माप. हा आजच्या फ्रेमच्या बाजाराचा आकार. नुसत्या आकारावर निकाल देऊ नका, चार गोष्टी करून बघा.

दहापट भिंग घ्या आणि आधी अक्षरं बघा, चित्र नंतर. मूळ छपाईत अक्षरं एका सलग शाईत असतात, कडा धारदार. जुनं पोस्टर स्कॅन करून पुन्हा छापलं तर अक्षरंही चार रंगांच्या ठिपक्यांत फुटतात, काळ्या अक्षराच्या कडेला निळसर-गुलाबी धूळ दिसते. ही एकच चाचणी बरीच बनावट पोस्टरं पकडते.

मग महाराजाच्या अंगरख्याचा सपाट लाल भाग. सिल्कस्क्रीन (जाळीतून शाई दाबून केलेली छपाई) असेल तर तिथे ठिपका नाही, शाईचा जाड थर आहे, आणि दोन रंग एकमेकांवर चढतात तिथे बोटाला बारीक पायरी लागते. ऑफसेट असेल तर ठिपके रांगेत, फुलासारख्या गोल नक्षीत. इंकजेट असेल तर ठिपके विस्कटलेले, कुठलीच नक्षी नाही. सुमो महाराजा इंकजेटवर असेल तर तो साठच्या दशकातला नाही, विषय संपला.

तिसरं, घड्या आणि डाग. चित्रात घडीची रेघ दिसतेय पण कागद बोटाला सपाट लागतोय? मग ती रेघ छापलेली आहे. मूळ पोस्टराचा म्हातारपणा फोटोसकट नवीन कागदावर उतरलाय.

चौथं, अतिनील टॉर्च, ३६५ नॅनोमीटरचा. अंधारात कागदावर मारा. निळा-पांढरा चमकला तर कागदात उजळक रसायन आहे. अशी रसायनं कागदात सर्रास आली ती १९५०च्या पुढे. त्यामुळे पहिल्या पोस्टराबाबत ही चाचणी बोलकी आहे, कॉन्स्टेलेशनच्या सुरुवातीच्या वर्षांतला कागद लख्ख चमकू नये. सहाव्या बाबत ती काहीच सिद्ध करत नाही, कारण साठच्या दशकातला कागदही चमकू शकतो. टॉर्च मारला, चमकलं, म्हणून नकली, असा निकाल देणारे खूप असतात. तसं करू नका.

खालची कडाही बघा. मुद्रकाचं नाव, 'भारतात छापलेले' अशी ओळ किंवा काम क्रमांक बारीक अक्षरांत असतो. कड कापलेली असेल तर ती ओळ गेली, आणि कड का कापली हा पुढचा प्रश्न.

---

दालनमित्र

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासलं ते असं. पहिल्याच्या खिडक्या गोल, नाकावर नाव नाही, टॉर्चखाली कागद मंद पिवळट, चमक नाही. दुसऱ्याच्या इंजिनांना गळपट्टा नाही, सडपातळ आहेत. तिसऱ्याच्या मधल्या पानावर विमानांची नावं आहेत, त्यांत अशोक आहे, कनिष्क नाही. सहाव्याच्या काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत धूळ दिसते आणि लाल भागात विस्कटलेले ठिपके. वाईट वाटलं, पण कळलं ते बरं झालं.

एक पुरवणी प्रश्न: स्पॅनिश चित्रकार डालीने एअर इंडियासाठी केलेलं रक्षापात्र (ॲशट्रे) मिळतंय म्हणून एकाने चिनी मातीची वस्तू दाखवली. अशी काही खरंच होती का?

---

चौथंइंजिन

तर तिसरं १९७४ ते १९७७, यापेक्षा नेमकं उत्तर साल न छापलेल्या वस्तूला क्वचितच मिळतं. पहिलं १९४८ ते साधारण १९५४. १९५४नंतरही ७४९ काही काळ उडत होतं, पण नवं सुपर कॉन्स्टेलेशन हाताशी असताना जुन्याचं पोस्टर काढण्याचं कारण दिसत नाही. दुसरं साधारण १९६० ते १९६५.

---

झरोका_लाल

रक्षापात्रं खरीच होती. १९६७ साली साल्वादोर डालीने आराखडा दिला, फ्रान्समध्ये लिमोझला पोर्सेलीनमध्ये घडवली गेली, सुमारे ५०० नग, पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना भेट म्हणून. मधे शिंपल्यासारखी वाटी, तिच्या कडेला सर्प, आणि खाली आधार असे की एका बाजूने हंस दिसतो, उलटा धरला तर हत्तीचं डोकं. मोबदला म्हणून डालीने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि ते त्याला भारतातून पाठवलंही गेलं. घ्यायच्या आधी वस्तू उलटी करून बघा. हंसाचा हत्ती होत नसेल, वळणं बोथट असतील, तर साचा दुसऱ्या प्रतीवरून घेतलाय. पोर्सेलीन भाजताना आकसतं, त्यामुळे प्रतीवरून घेतलेली प्रत मूळापेक्षा थोडी लहान आणि कमी धारदार येते. खात्रीच्या प्रतीची मापं मिळवून ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ताडून बघायला चित्रं हवी असतील तर एअर इंडियाचा कलासंग्रह २०२३मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला आहे. गायतोंडे, हुसेन, बी. प्रभा यांची चित्रं त्यात आहेत. बुकिंग ऑफिसं सजवायला म्हणून १९५६पासून जमवलेली ही चित्रं होती. त्या काळात जाहिरातीचा पैसा चित्रकारांपर्यंत कसा पोचत होता, हे प्रदर्शनाच्या एखाद्या फलकावर जरूर सांगा.

---

शाईआणिपंख

राहिलेले दोन प्रश्न.

पुस्तिकेत छापण्याबद्दल. मूळ प्रत भिंतीवर लावणं आणि तिचं चित्र छापून वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम २८अ प्रमाणे सार्वजनिक उपक्रम पहिला मालक असलेल्या कामाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. म्हणजे तिसरं माहितीपत्रक १९७५चं धरलं तरी २०३५ अखेरपर्यंत हक्क जिवंत आहे. पोस्टरावर चित्रकाराची सही असेल आणि हक्क त्याच्याकडे राहिला असेल तर मोजणी त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून पहिल्या-दुसऱ्यावर सही शोधा. आणि महाराजा, हंस, व्हिस्टा ही व्यापारचिन्हं आहेत. त्यांचा हक्क वर्षांनी संपत नाही, नूतनीकरण करत राहिलं की चालूच राहतो. प्रदर्शनाच्या निमंत्रणावर, पिशवीवर, कपावर महाराजा छापायचा मोह होईल. लेखी परवानगीशिवाय तो करू नका. पुस्तिकेसाठीही आधी कंपनीला पत्र लिहा, सोबत पानाचा नमुना आणि प्रतींची संख्या द्या.

जपणुकीबद्दल. लॅमिनेशन नको, ते परत निघत नाही आणि निघालं तर शाई घेऊन निघतं. सेलोटेपही नको, फेविकॉलही नको. फाटलेल्या जागी मागून जपानी कागदाची पातळ पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, ती पाण्याने पुन्हा सुटते. फ्रेममध्ये पोस्टर काचेला टेकू देऊ नका, मध्ये आम्लमुक्त माउंटची किमान ३ ते ४ मिलिमीटर जागा ठेवा. पावसाळ्यात काचेच्या आतून दमट वाफ धरते आणि शाई काचेला चिकटते. एकदा चिकटली की सोडवताना रंगाचे पापुद्रे काचेवर राहतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, ५ इकडे-तिकडे, आणि महत्त्वाचं म्हणजे दिवसा एसी चालू, रात्री बंद असं करू नका. रोजची चढउतार कायमच्या थोड्या दमटपणापेक्षा कागदाला जास्त छळते. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, लावावीच लागली तर मागे बुचाचे तुकडे देऊन भिंतीपासून सुटी ठेवा. प्रकाश ५० लक्स (प्रकाशमापकावर दिसणारं एकक), सलग तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. सिल्कस्क्रीनचा लाल रंग बऱ्यापैकी तग धरतो, ऑफसेटचा किरमिजी आधी उडतो आणि महाराजाचा अंगरखा हळूहळू पिवळट नारिंगी होतो.

सहावं काढून टाकू नका. पहिल्या पोस्टराशेजारी लावा, मध्ये भिंग टांगा आणि खाली लिहा: 'अलीकडची प्रत. दोन्हींच्या अक्षरांच्या कडा पाहा.'